वरची दाढ

वरची दाढ उपटली की डोळा जातो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचा गेला म्हणाल, तर एकाचंही नाव सांगता यायचं नाही. पण ठाऊक होतं. इंग्रजी अमदानीतली गोष्ट. सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर दिवस उगवायचा, आणि माझ्या आईची नेमकी वरचीच दाढ किडली.

आमचं घर हातमागवाल्यांचं. दादा, म्हणजे माझे वडील, मागावर बसायचे आणि आई मागाच्या फणीच्या बारीक फटींतून एकेक धागा ओवायची. सगळं डोळ्यांचं काम. म्हणून दाढ काढायचं नाव निघालं की ती किडीत मिश्री दाबायची. तंबाखूनं दाढ बधिर व्हायची, तिला वाटायचं बरी झाली. कसली बरी होतेय! सूज डोळ्यापर्यंत चढली. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. गालाला पदर दाबून बसलेली आई मला बघवायची नाही.

शेवटी दादांनी तिला दवाखान्यात नेलं. मीही मागं लागून गेले. डॉक्टरांनी विचारलं, दात कशानं घासता? आई म्हणाली, राखुंडीनं. कमरेला मिश्रीची डबी, आणि बाई खुशाल राखुंडी म्हणते! डॉक्टरांना वासावरनंच कळलं. मिश्री सोडा, जेवल्यावर खळखळून चूळ भरा, दुखायची वाट न बघता अधूनमधून दात दाखवत जा, असं त्यांनी समजावलं. दाढेमुळं डोळा जात नाही, हेही सांगितलं. ही मात्र काढावीच लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. आईनं तोंड मिटलं ते मिटलंच.

दादा तसे अबोल. त्यांचीही एक वरची दाढ जराशी हलत होती, दुखत मुळीच नव्हती. ते सरळ खुर्चीत जाऊन बसले.

"आदी माजी काढा. डोळा जायाचाच असंल तर माजा जाऊ दे."

ही अजून कैक वर्षं टिकेल, असं डॉक्टर परोपरीनं सांगत होते. दादा ऐकतील तर शपथ. काढायलाच लावली.

घरी येऊन, तोंडात कापूस तसाच, ते आईसमोर फणी घेऊन बसले आणि धागे ओवायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. या कामाला त्यांचा हात कधी लागला नव्हता. आई बघत होती. मग तिनं फणी ओढून घेतली.

"हितं धागा सुटला की," ती म्हणाली. "सरका. आन् चला आता दवाखान्यात."

आईची दाढ निघाली, सूज उतरली, डोळे शेवटपर्यंत शाबूत राहिले. दादांना मात्र त्या बाजूनं कडक भाकरी चावता येईना. आई ती आमटीत चुरून त्यांच्यापुढं ठेवायची. आम्ही पोरी चिडवायचो, दादांना हात नाहीत का गं? पण ते काम तिनं कुणालाच करू दिलं नाही.

दादा गेले, त्यानंतरही कितीतरी दिवस जेवायला बसलं की तिचा हात आधी भाकरी चुरायलाच जायचा.