मासा कुठे राहतो, काय खातो

सासूबाईंचा नियम सोपा होता. ज्या माशाचं घर ठाऊक नाही आणि खाणं ठाऊक नाही, त्याला आपल्या स्वयंपाकघरात घ्यायचं नाही. त्या अलिबागकडच्या, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पापलेट त्यांना चालायचं, कारण त्याचं तोंड एवढंसं, घाण गिळायची म्हटली तरी गिळता येणार नाही. बांगडा वरच्या पाण्यात झुंडीने फिरतो आणि बारीकसारीक गाळून खातो, म्हणून चांगला. सुरमई तर तारल्या-बांगड्यांवर जगणारी, खानदानी. शिंगाळा मात्र तळाच्या चिखलात तोंड खुपसतो, त्याला उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता.

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना कलकत्त्याला आणलं. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. यांची बँकेतून बदली झालेली, डमडमला वरच्या मजल्यावरची भाड्याची जागा. आमच्यात नवरा गेला म्हणून बाई मासे सोडत नाही. पहिल्याच रविवारी मी बाजारातून भेटकी आणली. सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. "अगं, हा तर आपला जिताडा. खाडीच्या तोंडाशी राहतो, कोलंबी खातो. कर." त्या दिवशी त्यांनी दोन तुकडे मागून घेतले आणि मला वाटलं, सुटले बाई.

महिनाभरात सगळं फिरलं. इलिश आणली, म्हणजे आपल्याकडचा पाला, तर त्यांनी स्वतः पोट चिरलं. आत काही नाही. "समुद्रातून नदीत चढताना हा खातपीत नाही म्हणतात. बिनखाण्याच्या माशाची पारख कशावरून करायची?" पापलेट आणलं तर, "तुमचा समुद्र कुठे आहे तो दाखव आधी." बोंबील मिळाले तर तो अधाशी, स्वतःएवढं भक्ष्य गिळतो, तसलं पोटात कशाला घ्या. आम्ही खायचो आणि त्या ताटात आमटीभात कालवत बसायच्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मासे नुसतं निमित्त, खोट माझ्या स्वयंपाकात काढायची असणार. लेकीकडे जायचं असेल तर सरळ सांगावं ना माणसाने. त्यात त्या वाळत चाललेल्या, ब्लाउजच्या बाह्या लोंबायला लागल्या. एकदा हे म्हणाले, "तुझ्या हातचं तिला रुचत नाही बहुतेक. अशीच राहिली तर ताईकडे पोचवून येतो." मला संताप आला आणि भीतीही वाटली. सुनेने कलकत्त्याला नेऊन उपाशी ठेवलं, हे नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नसता.

मी मुद्दाम पुन्हा भेटकी आणली. पोटातून अख्खी कोलंबी निघाली. ती ताटलीत ठेवून त्यांच्यापुढे धरली. "बघा आई, तुम्हीच म्हणाला होतात, हा हेच खातो." त्यांनी आवंढा गिळला. मी तो पाहिला. मग म्हणाल्या, "कुठल्या पाण्यातली कोलंबी, कोणास ठाऊक."

म्हणजे इच्छा होती आणि खायचं नव्हतं. नक्की कोणीतरी कान भरले होते. कान भरणारी एकच सापडत होती, खालच्या मजल्यावरची घरमालकाची आई. तिला सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. दुपारभर दोघी जिन्यात बसायच्या. एकीला मराठी, दुसरीला बंगाली, मधे मोडकंतोडकं हिंदी. एवढं बोलतात तरी काय, म्हणून एका दुपारी मी जिन्याच्या वळणावर आडोशाला उभी राहिले. माशीमा केळफूल सोलत होती, सासूबाई वाती वळत होत्या. बोलणं जवळजवळ नव्हतंच. खालच्या उघड्या दारातून दिसत होतं, आतल्या स्वयंपाकघरात माशीमाची सून मासे तळत होती, आणि बाहेरच्या कोपऱ्यात एक वेगळी लहानशी चूल होती. तिच्यावर एकटीपुरता भात. इथे विधवा मासे खात नाहीत हे मी ऐकून होते, पण ते माझ्या जिन्यात बसलंय हे मला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंना सरळ विचारलं.

"ती विशीची असताना तिचा नवरा गेला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून तिने मासा खाल्लेला नाही. तिने मला विचारलं, तुम्ही? मी मान हलवली, नाही म्हणून. आता वर बसून खाऊ आणि खाली तिच्या शेजारी जाऊन बसू? मला इथे दुसरं आहे कोण?"

"मग आम्हाला सांगायचंत."

"तू म्हणाली असतीस, खा गुपचूप, तिला काय कळतंय."

अगदी तसंच म्हणाले असते.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन माशीमाला खरं ते सांगितलं. आमच्याकडे चालतं, सासूबाई भिडेपोटी खोटं बोलल्या, रागावू नका. माशीमाचे हात केळफुलावर चालूच राहिले.

"हम जानता था," ती म्हणाली. "पहले उनका हाथ में माछ का गंध आता था. हम इसी वास्ते पास में बैठता था. अब नहीं आता."

वर येऊन मी सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितला. रविवारी मी भेटकी आणली ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, खवले काढले, पोट चिरून आत काय आहे ते संशयाने पाहिलंच, आणि तुकड्यांना हळद-मीठ चोळलं. मी साबण पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. हात नुसते नळाखाली धरले, पदराला पुसले आणि जिना उतरून खाली गेल्या.