बिलाच्या दिवशीचा दर

लग्न मोडल्याचं कळलं तेव्हा मी मांद्र्याच्या गेस्ट हाऊसमध्ये एका पाहुण्याला पाण्याच्या बाटलीवरचा टॅक्स समजावून सांगत होते. बिलावर टॅक्स वेगळा का दिसत नाही, असं तो विचारत होता. मी म्हटलं, छापील किमतीच्या आतच असतो तो. तेवढ्यात फोन वाजला. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो बोलत होता. म्हणाला, "मला नाही जमणार. घरी मी सांगितलंय. तुझ्या बाबांना माझे बाबा फोन करतील." मी "बरं" म्हटलं. मग त्या पाहुण्याला बाटलीच्या किमतीतला टॅक्स कागदावर वेगळा करून दाखवला. अठरा टक्के दर असेल तर किमतीला एकशे अठरानं भागायचं आणि अठरानं गुणायचं. तो खूश होऊन गेला.

कारण मी विचारलं नाही. नंतर आईनं चारचारदा विचारलं, "काय तरी बोललो आसतलोच मां तो?" नव्हता बोलला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. गेस्ट हाऊसचा हिशोब गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. हात आपोआप चालतात, आणि त्या दिवसांत ते तसे चालले हे बरंच झालं.

घरी मात्र बाबांना बसवेना. ते पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर त्यांनी लहान टेम्पो घेतला, आणि तेव्हापासून पेडण्याच्या बाजारातून लोकांचं सामान पोचवतात. एका सकाळी पेजेची वाटी बाजूला सारून ते मला म्हणाले, "सामान परत करुया. बिलां आसत मां तुझ्याकडे?"

बिलं होती. सर्वणला, माझं लग्न ठरलेल्या मुलाच्या गावी, त्याच्या घराच्या मागच्या बाजूला आमच्या दोघांसाठी एक खोली आणि स्वयंपाकघर बांधून झालं होतं. तिथे लागणारी भांडी, मिक्सर, कुकर, चादरी आम्ही डिचोलीच्या एका दुकानातून घेतल्या होत्या आणि दुकानदारानं सगळं तिथेच पोचतं केलं होतं. म्हणजे आधी सर्वणला जाऊन सामान आणायला हवं होतं.

"तू नको येव," आई मला म्हणाली. "बाबा जाऊन येतले."

"बाबांना दर कळणार नाहीत," मी म्हटलं. खरं तर घरी बसून काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

सर्वणला पोचलो तेव्हा तो घरी नव्हता. त्याचे बाबा कुळागरात, सुपारीच्या बागेत, गेले होते, किंवा गेले आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं. त्याची आई एकटी होती. तिनं अंगणात येऊन बाबांना नमस्कार केला, मला "ये गो बाय" म्हणाली, आणि मग आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन थांबली. नव्या खोलीच्या जनेलाच्या गजांना अजून रंग लागायचा होता. खोके भिंतीशी नीट रचून ठेवले होते, वर जुना पडदा घातला होता.

बाबा एकेक खोका टेम्पोत ठेवू लागले. मी बिलावर खुणा करत गेले. मिक्सर, भांड्यांचा सेट, चादरी. कुकरचा खोका मात्र उघडलेला दिसला.

"तो मी वापरलंय," त्याची आई म्हणाली. "एकदाच. शिटी बरी होता काय बघूक भात लावलेलो. माका काय ठावक…" तिनं खोक्याचं झाकण लावलं. "वापरलेलो कुकर दुकानदार घेवचो नाय. किंमत सांग गो. मी दितंय."

बाबा लगेच म्हणाले, "नको, नको, वयनी. तसा काय नाय."

पण तिनं मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं. "दोन हजार दोनशे चाळीस. त्यातले दोनशे चाळीस टॅक्सचे."

हे मी का बोलले, मला अजून कळत नाही. कुणी किंमत विचारली की मी ती फोडून सांगते, एवढंच. ती आत गेली, पैसे घेऊन आली. "टॅक्साचेय घे," म्हणाली. "तुमचां काय जावचां नको." आणि मग ती रडायला लागली, पदर तोंडात धरून. बाबा टेम्पोकडे तोंड करून उभे राहिले. मी हात पुढे केला नाही आणि मागेही घेतला नाही. तिनंच नोटा माझ्या पर्समध्ये घातल्या. तिच्या मनगटावर कसल्याशा कढीचा पिवळा डाग होता, मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, हिच्याशी माझं चांगलं जमलं असतं. तेही असंच वाटलं, एखाद्या दुकानाची पाटी वाचावी तसं.

कुकर तिच्याकडेच राहिला.

डिचोलीला दुकानात गर्दी नव्हती. दुकानदार वयानं बाबांच्या बरोबरीचा, चांगला माणूस. खरेदीच्या दिवशी त्यानं आम्हाला सोलकढी पाजली होती आणि मला एक स्टीलचा डबा तसाच दिला होता. खोके बघून तो काही विचारायच्या आधीच बाबा म्हणाले, "परत करूचा आसा सगळा. उघडूक नाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खोके पुढे ओढले. मिक्सरचं लगेच झालं. साडेतीन हजारांच्या वर किंमत होती, त्यातला टॅक्स अठरा टक्के, तेव्हाही आणि आताही. चादरींचंही झालं. भांड्यांच्या सेटपाशी तो अडला.

"दादा, हेचे चार हजार दोनशे येतले तुमका."

"आम्ही चार हजार चारशे ऐंशी दिलेत," बाबा म्हणाले.

"तेव्हा बारा टक्के होते. आता दर उतरलो, पाच झालो. मी आज ह्यो सेट चार हजार दोनशेक विकतंय. मग परत घेताना चार हजार चारशे ऐंशी कसो घेव?"

बाबांचा आवाज चढला. "म्हणजे आमचे दोनशे ऐंशी खय गेले? सरकारान खाल्ले काय तुम्ही खाल्ले?" इतके दिवस त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता, त्या मुलाच्या बाबांवरसुद्धा नाही. फोनवर नुसतं "होय, होय" म्हणत राहिले होते. आता दोनशे ऐंशी रुपयांसाठी त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

मी म्हटलं, "काका, बिलाच्या दिवशीचा दर लागतो. आजचा नाही. मूळ बिलाचा नंबर घालून परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट काढा, बारा टक्क्यांनीच. तुम्ही भरलेला टॅक्स तुमच्या पुढच्या हिशोबात वजा होईल. तुमचं नुकसान होणार नाही."

त्यानं आपल्या अकाउंटंटला फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते ऐकून मान हलवली. "बरोबर म्हणता तुमचां चेडू," तो बाबांना म्हणाला. "माका ठावक नव्हता. दर बदलल्यापासून असो सेट परत येवक नव्हतो कोणाचो."

मग तो संगणकासमोर बसला. माल परत का आला याचं कारण मशीन मागत होतं, त्याशिवाय पुढे जाईना. त्यानं स्क्रीन थोडी आमच्याकडे वळवली. खराब माल. चुकीचा माल. किमतीत फरक. इतर.

"कारण काय घालू?" त्यानं हळू विचारलं.

 काउंटरवरच्या पुठ्ठ्याची कड बाबा नखानं सोलत होते.

"इतर," मी म्हटलं.

त्यानं ते निवडलं. कागद छापून आला. त्यावर माझं नाव, बिलाचा नंबर, मूळ रक्कम, टॅक्स राज्याचा सहा, केंद्राचा सहा. मी बेरीज तपासली. बरोबर होती. तो म्हणाला, "तो डबो ठेव हां बाय, तो बिलात नाय." मी हो म्हटलं.

येताना बाबांनी एका हॉटेलापाशी टेम्पो थांबवला. पातळभाजी आणि पाव मागवले. त्यांनी खाल्लं, मी पाव चहात बुडवून अर्धा खाल्ला.

"तुका रडूक येना?" त्यांनी विचारलं. बशीकडे बघत.

"नाही."

"बरा न्हय ता."

"मला माहीत आहे."

ते हात धुवायला गेले आणि नळापाशी बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. घरी पोचल्यावर पैसे मी आईकडे दिले. आईनं पैसे मोजले नाहीत, तसेच कपाटात ठेवले.

पुढे सीझन सुरू झाला. मांद्र्याला खोल्या भरल्या, बिलं वाढली. लोकांना हळूहळू कळत गेलं, आईकडून, शेजारणींकडून. मी स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी "लग्न कधी?" विचारलं तर मी हसायचे आणि विषय बदलायचे.

एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी मासळी घ्यायला थांबले. नेहमीची बाई होती, मोरजीहून येणारी. तिच्याकडे बिल नाही, टॅक्स नाही, नुसते वाटे लावलेले असतात. मी बांगड्यांचा वाटा दाखवला. पिशवीत घालता घालता ती म्हणाली, "लग्नाक बोलवतलंय म्हणून सांगिल्लंय मगो? इसरलंय?"

"मोडलं ते," मी म्हटलं.

पहिल्यांदाच ते माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि मला माझाच आवाज विचित्र वाटला, जरा मोठा. बाजूला उभा असलेला माणूस वळून बघू लागला. बाईनं हातातला सुरा फळीवर ठेवला.

"कोणी मोडला? तुया का तेणा?"

"त्यानं."

"कित्या?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"विचारूक जाय होता," ती म्हणाली, रागानं, जणू काही तिचंच लग्न होतं. "येदी शिकिल्लंय तू, आणि विचारूक ना?"

मी पैसे दिले. ती सुटे शोधत बसली. मासळीच्या पाण्यानं माझी एक चप्पल भिजली होती. मला एकदम भयंकर भूक लागल्याचं जाणवलं, कितीतरी दिवसांत अशी लागली नव्हती. मी घरी फोन करून आईला भात टाकायला सांगितलं.