पाईप लावणाऱ्यांचे वैरी

माझ्या घरमालकांचे थोरले भाऊ आयुष्यात फक्त एकदा रागावले नाहीत, आणि त्या एका वेळेबद्दल ते उरलेला जन्म रागावलेलेच राहिले. लातूरला मी वर्तमानपत्रात नोकरीला आलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. पहिल्या सकाळी जाग आली ती त्यांच्या आवाजाने. खाली ते एका बोल्टवर ओरडत होते. समोर माणूस नव्हता. बोल्ट होता, आणि तो गप्प होता, याचाही त्यांना राग आलेला दिसत होता.

सगळे त्यांना उस्ताद म्हणत. घराला लागूनच त्यांचं वर्कशॉप होतं. एक जुनी लेथ, एक ड्रिल, भिंतीला फळी, फळीवर रॉकेलचे डबे. काम एकच, गेलेले आटे पुन्हा बसवायचे. बोल्ट ज्या भोकात फिरतो त्या भोकातले आटे झिजले की बोल्ट नुसताच गरगर फिरतो, काही धरत नाही. उस्ताद ते भोक मोठं करत, त्यात नवे आटे पाडत, लेथवर कातलेला पोलादी बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली आखूड नळी, त्यात फिरवून बसवत आणि मग जुना बोल्ट त्या बुशात लावत. आटे पाडताना हत्यार अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. या लयीत कुणी मध्ये बोललं तर त्याची धडगत नसे. एकदा साक्षात घरमालकांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाने, ‘भाईजान, चाय’ एवढंच म्हटलं, तर पुढचे दोन दिवस चहाचा विषय घरात निघाला नाही.

राग साधा असला तर उस्ताद दख्खनीत बोलत, खरा असला तर मराठीत. त्यामुळे ‘कायकू आया रे’ म्हणून स्वागत झालेलं गिऱ्हाईक निर्धास्त आत येई. ‘कशाला आला रं?’ ऐकलं की ड्रायव्हर ट्रक तसाच मागे घेत.

त्यांचं खरं वैर पाईपशी होतं. नट आवळताना जोर कमी पडला की टायरवाले पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाईप चढवतात आणि त्याच्या टोकाला लोंबकळतात. नट बसतो, आतले आटे जातात. उस्ताद अशी पाईप दिसली की जप्त करत. भिंतीला टेकवलेल्या पाईपांची एक रांगच होती, प्रत्येकीवर रंगाने गाडीचा नंबर घातलेला. एक ड्रायव्हर देगलूरहून स्वतःची पाईप परत मागायला आला होता. उस्तादांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, ‘तुझ्या पोराचा कान पिळतो का कधी?’

‘पिळतो की.’

‘मग पाईप लावून पिळ एकदा.’

तो चहा अर्धा टाकून गेला. पाईप भिंतीलाच राहिली.

काम झालं की उस्ताद शेवटचा पीळ स्वतःच्या हाताने देत, डोळे मिटून, मान तिरकी करून, जणू बोल्ट कानात काही सांगणार आहे. मग चाकावर खडूने रेघ मारत आणि म्हणत, ‘पास.’ नाहीतर ‘नापास’. तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता. पुढे लातूरच्या गल्लीगल्लीत क्लास निघाले, चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक लागले, तेव्हा उस्तादांना त्याचा भयंकर राग आला. ‘ह्याच्यात नापासवाले कुठं हायत? निम्मा निकाल छापून राहिले!’ असं ते फलकाखाली उभं राहून विचारत. होस्टेल शोधत आलेले पालक त्यांना पत्ता विचारत. उस्ताद पत्ता सांगण्याआधी पोराच्या हातात एक नट आणि एक बोल्ट देत आणि लाव म्हणत. बहुतेक पोरं घाईत पहिला आटा वाकडा धरत. ‘डॉक्टर व्हायला आला म्हणं, आन् नट वाकडा लावून राहिला,’ असं ऐकून किती आया खिन्न मनाने पुढे गेल्या असतील, सांगता येत नाही.

मीही सुटलो नाही. त्यांच्यावर मी एक छोटा मजकूर लिहिला, त्यात ‘वेल्डिंग करून आटे भरतात’ असं वाक्य गेलं. कात्रण घेऊन ते थेट कार्यालयात आले. ‘मी आयुष्यात आटा वेल्डिंगनं भरला न्हाई. ती फसवणूक हाय. तू मला चोर छापला.’ दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ओळींची दुरुस्ती दिली. चूक मोठ्या अक्षरांत आणि दुरुस्ती बारीक अक्षरांत का, यावरून त्यांनी माझ्याशी पुढचा महिनाभर वाद घातला.

पण त्यांचा सर्वांत जुना राग एका ट्रकवर होता. भूकंपानंतरच्या दिवसांत मदतीचं सामान घेऊन जे ट्रक आले, त्यात एक बाहेरच्या देशातला होता. त्याची चाकं लोखंडाची नव्हती, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे जर्मनची भांडी म्हणतात, म्हणून उस्ताद त्यांना जर्मनची चाकं म्हणत. प्रत्येक चाक दोन अर्धुकांचं, ताटावर ताट पालथं घालावं तसं, आणि दहा बोल्टांनी आवळलेलं. टायरमधली हवा सतत त्या दोन ताटांना दूर ढकलत असते. बोल्टांनी धरलं तर चाक, सोडलं तर तोफ.

तो ट्रक ताडपत्र्या घेऊन औशाच्या पुढच्या एका गावाला निघाला होता. लातुरात एका बोल्टचे आटे गेले. उस्तादांनी तिथे बुश बसवला. बाकीची भोकंही उघडून बघायला हवी होती. त्याला दोन तास लागले असते. भोवती माणसं ओरडत होती, लोक उघड्यावर आहेत, लवकर करा. उस्ताद रागावले नाहीत. ‘जाऊ द्या, चालतंय,’ म्हणाले. औसा ओलांडल्यावर चाक उकललं. कुणाला लागलं नाही. ताडपत्र्या दुसऱ्या दिवशी पोचल्या. ती रात्र त्या गावाने पावसात काढली.

हे मला घरमालकांनी सांगितलं. मी बातमीदार, म्हणून पुढे त्या गावात जाऊन विचारून आलो, त्या रात्री कुणाचं काही झालं का. कुणाला नीट आठवत नव्हतं. त्या आठवड्यात त्या लोकांचं इतकं गेलं होतं की एका रात्रीची ताडपत्री त्यात कुठे शोधणार? मी परत येऊन उस्तादांना हे सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल.

‘त्यांना आठवत न्हाई,’ ते मराठीत म्हणाले, ‘म्हणून मी विसरू?’

मदतवाले गेले, ट्रक लिलावात निघाला, आणि फिरत फिरत एका टँकरवाल्या शेठकडे आला. क्लास वाढले तशी होस्टेलं वाढली, होस्टेलांना पाणी लागू लागलं, आणि तो ट्रक पाठीवर टाकी घेऊन बोअरचं पाणी वाटू लागला. बोअरचं पाणी खारट. ते टाकीतून ठिबकत चाकांवर पडे. ‘जर्मन आन् लोखंड शेजारी, मधी खारं पाणी. खातंय एकमेकाला,’ उस्ताद म्हणत. बोल्टांभोवती पांढरी भुकटी साचे. दर काही महिन्यांनी ट्रक त्यांच्या दारात येई, आणि ते दरवेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे त्याच्यावर ओरडत.

एका उन्हाळ्यात सकाळी शेठ स्वतः चाक घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मुलींची प्रवेश परीक्षा होती. आमच्याच गल्लीच्या टोकाच्या होस्टेलात आदल्या दिवसापासून पाणी नव्हतं, आणि शहरातला एकही टँकर मोकळा नव्हता. त्या होस्टेलात माझी लोह्याहून शिकायला आलेली पुतणी होती. तिचा मला दोनदा फोन येऊन गेला होता.

उस्तादांनी चाक उघडलं. दहातली चार भोकं आधीच बुशाची होती. आणखी तीन भोकांचे आटे भुकटी होऊन हातात आले. ‘नापास.’

‘अवो उस्ताद, पोरी बादल्या घेऊन बसल्यात तिकडं,’ शेठ म्हणाले. ‘तीन बुश मारा, एक दिवस काढतो.’

‘बुश धरायला धातू लागतो. हितं पीठ हाय.’

‘अवो, दोनच खेपा!’

उस्ताद हलले नाहीत. तेव्हा मी बोललो. मला त्यांची सगळी गोष्ट माहीत होती, तरी मी बोललो. ‘उस्ताद, आजच्या दिवस जाऊ द्या.’

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले नाहीत. फळीवरून छिन्नी आणि हातोडा घेतला, छिन्नी दोन भोकांच्या मध्ये ठेवली आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला टोस्ट मोडावा तसा चाकाचा तुकडा पडला.

‘माझं चाक हाय ते!’ शेठ ओरडले.

‘होतं,’ उस्ताद म्हणाले.

शेठनी तुकडा उचलला. मोडलेली कड आतपर्यंत पांढरी होती. त्यांनी बोट फिरवलं तर भुकटी सुटली. तुकडा त्यांनी हळूच खाली ठेवला. या चाकात हवा भरायला त्या दिवशी त्यांचा स्वतःचा भाऊच बसणार होता, हे मला नंतर कळलं.

पाण्याचं काय, हा प्रश्न उरलाच होता. उस्तादांनी शेठना टेम्पो आणि सगळे रिकामे ड्रम आणायला लावले आणि घरच्या बोअरला नळी लावली. संध्याकाळपर्यंत खेपा चालू होत्या. पाणी सांडणाऱ्यावर, हळू चालणाऱ्यावर, पळणाऱ्यावर, आणि विशेषतः माझ्यावर ते सलग ओरडत होते. परीक्षा झाल्यावर पुतणीने मला विचारलं, ‘काका, ते नळी धरलेले आजोबा एवढे कशाला चिडत होते?’ मी म्हटलं, सवय आहे. तेही अर्धं छापल्यासारखंच झालं.

गेल्या वर्षी उस्तादांना झटका आला. डावा हात गेला, बोलणं जड झालं. वर्कशॉपच्या जागी आता अभ्यासिका आहे. पाईपा भंगारात गेल्या. उस्ताद दारात खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसतात. डॉक्टरांनी रागावू नका म्हणून सांगितलंय, आणि ते ऐकतात. गल्लीतले लोक म्हणतात, म्हातारा किती शांत झाला. मला ते हसणं बघवत नाही.

म्हणून एका रविवारी मी ओळखीच्या टायरवाल्याकडे गेलो. जुना नट-बोल्ट घेतला, पान्याला पाईप लावली आणि तिच्या टोकाला लोंबकळलो. आटे कर्रकन गेले. तो बोल्ट उस्तादांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने फिरवला. हसणं थांबलं.

‘पाईप?’

‘हौ.’

‘कुणी?’

‘मी.’

त्यांनी मान तिरकी केली. कपाळावरची ती जुनी शीर हळूहळू वर आली. ‘कशाला केलं रं?’ ते म्हणाले. मराठीत.

तेव्हापासून मी दर रविवारी एक बोल्ट खराब करतो.