बाइंडरकाकांचं पोट

पुस्तकं बांधण्यात बाइंडरकाकांचा हात कोणी धरू शकत नसे, पण स्वयंपाकाच्या नावाने शून्य. अडीच महिन्यांपूर्वी बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. गेले दोन महिने त्यांना सारखे जुलाब होत होते. लाजेने त्यांनी कारखान्यात जाणंच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी जंतुसंसर्ग तपासला, मग थायरॉइड, मग रोजच्या गोळ्या पाहिल्या. कशातच काही निघालं नाही.

"काका, दिवसभर खाता काय?"

"दूध-पाव. तिन्ही वेळा."

"कधीपासून?"

"ही गेल्यापासून," काका खाली बघत म्हणाले.

"वय झालं की काहींना एवढं दूध पचत नाही. महिनाभर बंद करून बघू. भात शिजवायला शिका."

चार दिवसांत पोट ताळ्यावर आलं. हे कुणाला तरी सांगावं असं काकांना फार वाटलं, पण घरात ऐकायला कोण होतं? ते पुन्हा दवाखान्यात जाऊन रांगेत बसले.

"आता काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बरं वाटतंय, तेवढंच सांगायला आलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा. भात जमला का?"

"पहिला करपला," काका म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी बोलत सुटले.