मामा आणि सारसोळ्याची जाम झालेली जीप

नवी मुंबईत घाई नसलेला एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकी सगळं शहर सकाळी उठल्यापासून कुठल्या ना कुठल्या सिग्नलला हॉर्न वाजवत असतं. मामा मात्र नेरूळच्या आपल्या सोसायटीतली लिफ्ट खाली येईपर्यंत खांद्याला पिशवी अडकवून इतके निवांत उभे राहतात, की नवख्याला वाटावं, हे गृहस्थ लिफ्टला आशीर्वाद द्यायलाच आलेत. मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी तुर्भ्याच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली आणि तिथून ते एकच तत्त्वज्ञान घेऊन रिटायर झाले: अडकलेल्या वस्तूवर जोर करायचा नाही, तिला दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवत राहायचं. "जोर केला की वस्तू हट्टाला पेटती, जावईबापू," असं ते मला सांगतात, आणि सांगताना मध्ये एवढे थांबतात की तेवढ्यात माझा फोन वाजून बंद होतो.

या तत्त्वज्ञानाचे चटके सगळ्यात जास्त बसले ते मामींना. लोणच्याच्या बरणीचं झाकण सकाळी अडकलं तर लोणचं रात्रीच्या जेवणाला मिळतं, कारण दिवसभर मामा ती बरणी कोमट पाण्यात ठेवतात, काढतात, पुसतात, जरा फिरवून बघतात आणि पुन्हा ठेवतात. मिठाईच्या पुड्याची दोरी त्यांनी जन्मात कापली नाही, गाठ सोडवतात. एकदा आपल्या मुलाच्या लग्नाचे पेढे घेऊन आलेले पाहुणे गाठ सुटायच्या आत उठून गेले. सोसायटीतल्या दोन सख्ख्या भावांचं पार्किंगवरून बोलणं बंद झालं, तेव्हा मामा रोज सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे चहाला जाऊन बसू लागले. भांडणाचा विषय काढायचा नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं. शेवटी 'या काकांचं काय करायचं' हे ठरवण्यासाठी ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलले.

अशा माणसाला एकदा मुदतीत काम करायची वेळ आली.

कारखान्यातला मामांचा जिवलग मित्र नेरूळच्या खाडीकाठच्या सारसोळे गावचा, कोळी. त्याची एक जुनी जीप होती. पहाटे तिच्यातून मासळी वाशीच्या बाजाराला जायची, मग हे दोघे तिच्यातूनच ड्यूटीला जायचे, आणि गावात कुणी बाईमाणूस अडली तर तीच ॲम्ब्युलन्स व्हायची. मित्र गेला आणि जीप घराच्या कडेला ताडपत्रीखाली गेली. कित्येक वर्षं तिला खाडीची खारी हवा लागत राहिली. आता ते घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं, दिवाळी झाली की पाडणारे येणार होते, आणि जीप क्रेननं उचलून भंगारात जाणार होती. मित्राच्या बायकोनं मामांना बोलावून घेतलं. माझ्या गाडीतून आम्ही गेलो.

"भाऊ," ती म्हणाली, "मना क्रेन नको. मानूस खांद्यावं गेला. गारी तरी तिचे पायांनी जाव दे."

मामांनी ताडपत्री काढली. खालचा पत्रा इतका कुजला होता, की आत बसलं की पायांमधून जमीन दिसायची. गावातल्या मेकॅनिकनं आधीच सांगून ठेवलं होतं, की इंजिन जाम आहे, आतले पिस्टन गंजून चिकटलेत, नाद सोडा. मामा बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले. मग "बघू, वहिनी" एवढंच म्हणाले. घरी ही हकिकत ऐकून मामी म्हणाल्या, "त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जाल तेव्हासुद्धा पाना घेऊनच जाल तुम्ही."

मामांनी इंजिनाचे प्लग काढले, त्या भोकांतून गंज सोडवणारं पातळ तेल आत सोडलं, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि जीपसमोर खुर्ची घेऊन बसले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता तिला पिऊ द्या."

त्यानंतर मामा रोज सकाळी सारसोळ्याला जाऊ लागले. तेल घालायचं, इंजिनाच्या पुढच्या मोठ्या नटाला लांब दांड्याचा पाना लावायचा आणि हलकेच एकदा इकडे, एकदा तिकडे रेटायचं. काही हलायचं नाही. मग पाना पुसायचा आणि वहिनींनी दिलेला चहा बशीत ओतून प्यायचा. गल्लीतली माणसं येता-जाता चेष्टा करायची, "काय काका, आज मालिश झाली काय?" मामा मान डोलवायचे. दिवाळी आली, गेली. शेजारचं घर पाडून झालं, त्याची धूळ जीपच्या काचेवर बसली. क्रेनवाल्यानं परवा येतो म्हणून निरोप धाडला. तेव्हा मी एक लांब लोखंडी पाइप घेऊन गेलो.

"मामा, हा दांड्याला लावू आणि एकच झटका देऊ."

मामांनी पाइप हातात घेतला. मला वाटलं होतं ते नकोच म्हणतील, पण ते त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

"तुटलं तर?"

"तुटलं तर तुटलं. नाहीतरी भंगारातच जायचीय."

"मरायला टेकलंय म्हणून हाडं मोडायची व्हय, जावईबापू?" त्यांनी पाइप भिंतीला टेकवून ठेवला आणि पुन्हा आपला पाना घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाना केसभर सरकला. मला दिसलाही नाही. मामांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी तो तितकाच मागे आणला. मग पुन्हा पुढे, जरा जास्त. दुपारपर्यंत एक अख्खा फेरा झाला, आणि वहिनी पदर तोंडाला लावून घरात निघून गेल्या. आम्ही जुनं तेल काढून नवं भरलं, पेट्रोलची टाकी धुतली, बॅटरी आणून जोडली. संध्याकाळी जीप खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि पांढऱ्या धुरानं अख्ख्या गल्लीला खोकायला लावून एकदाची सुरू झाली. चेष्टा करणारेच आता मागे सरा, मागे सरा म्हणून गर्दी आवरत होते.

ठरल्या दिवशी क्रेनवाला येऊन हमरस्त्यावर थांबला. गल्लीतून तिथवर जीप मामांनी चालवत नेली. शेजारी वहिनी बसल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात फुलं माळून, मी मागे. माणसं दारात येऊन उभी होती. एक म्हातारी पुढे आली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "माजा पोर हिचेतच जल्मला," आणि बाजूला झाली. मामांनी न विचारता गाडी आधी जेट्टीकडे वळवली. भरती होती. इंजिन चालू ठेवूनच आम्ही तिथे थांबलो. थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "चला भाऊ."

रस्त्यावर क्रेनवाला गोंधळला. "काका, ही तर चालू गाडी आहे. भंगारात कशाला देताय?" मामांनी वहिनींना हात देऊन खाली उतरवलं, परत आत बसले, जरा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून इंजिन ऐकलं आणि चावी फिरवली.

घरी दार मामींनी उघडलं. "झाली का चालू?"

"झाली."

"मग तोंड का असं उतरलंय?"

मामा चपला काढत होते. "चांगली चालली होती गं," ते म्हणाले. "बंद मीच केली."

मामींनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. गॅसवर दूध तापत होतं, तरी मामांचं पाणी पिऊन होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.