पालथ्या गावातली चूल

आवडाबाईंवर कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आवडाबाई ख्रिस्ती होत्या. विधवा, शेतमजुरी करायच्या. मिशनच्या शाळेत वाचायला शिकल्या आणि जे वाचतील त्यावर प्रश्न काढायच्या. भर सभेत त्यांनी पाद्रीसाहेबांना विचारलं होतं, "जलप्रलयात नोहानं तारवात एवढी जनावरं घेतली, मग त्यांचा कडबा कुठं रचला?"

जायकवाडीच्या पाण्यात आमचं गाव गेलं. पैठणकडच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या उजाड गावाच्या टेकाडावर, आम्हाला जागा मिळाल्या. आवडाबाई शेजारी आल्या. मी पाया खणायला घेतला तर हातभर खाली मडकी निघाली, सगळी पालथी. माणसं जमली. साधूच्या शापानं हे गाव एका रात्रीत पालथं झालं, असं तिकडं बोललं जायचंच. माझी बायको भागूबाई तेव्हा पोटुशी होती.

"मी हितं बाळंत व्हायची नाय," ती म्हणाली. "माहेरी चालले. तुम्ही ऱ्हावा पालथ्या गावात."

तिच्याशिवाय घर बांधून करू काय?

आवडाबाईही घाबरल्या होत्या. "माझ्या पुस्तकातबी देवानं पापी लोकांचं सदोम शहर उलथलं. तिथनं पळताना मागं बघितलं म्हणून लोटाची बायको मिठाचा खांब झाली." असं म्हणून त्यांनी त्या पांढऱ्या मातीची चिमूट जिभेवर ठेवली. "मीठ नाय."

"मावशी, शाप चाटून कळतो व्हय?" मी विचारलं.

"मग खणून बघू. नुसता उभा ऱ्हाऊ नको, पुंजाराम."

खुरप्यानं त्यांनी हळूहळू माती काढली. मडक्यांशेजारी चूल निघाली. तोंड वर, आत राख तशीच. मग त्यांनी भागूबाईला हाक मारली.

"गाव पालथं झालं, तर चूल सुलटी कशी ऱ्हायली गं?"

भागूबाई वाकून बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. "अवो मावशी, ही तर घासून निथळायला घातलेली भांडी! मीबी रोज अशीच पालथी घालते."

"मग ती बाई गेली कुठं?" मी विचारलं.

"ते नाय सांगता यायचं," आवडाबाई म्हणाल्या. "पण भांडी घासून गेली, म्हंजी परत यायचं ठरवूनच गेली आसंल."

भागूबाई माहेरी गेली नाही. आमची तिन्ही लेकरं त्याच घरात झाली, आवडाबाईंच्या हातावर. त्या वारल्या तेव्हा मी खांदा दिला, पण जिवंतपणी आभार मानायचे राहिले. मला बोलणं जमत नाही.

आत्ता भागूबाई ओट्यावर बसून नातसुनेशी भांडते आहे. हे माझ्या कानावर पडतं, ते आवडाबाईंमुळं.