रामाने राखून ठेवलेला नारळ

रामेश्वरला निघालो तेव्हा माझ्या मनात श्रद्धा कमी आणि काळजीच जास्त होती. आम्ही मूळचे उरणचे कोळी. वडिलांची होडी परत आली नाही, त्या दिवसापासून आईने समुद्राकडे पाहिलं नाही. आम्ही पनवेलला राहायला आलो. तिने मासळी विकणं सोडलं, नारळी पौर्णिमेचा नारळही बंद केला. "त्यानं माजा घरधनी नेला. त्याला नारल नाय," एवढंच म्हणायची. बारा वर्षं हा राग तिला आतून पोखरत होता. शेवटी तिला यात्रेच्या व्हिडिओ कोचमध्ये बसवलं.

तिथे पहिल्याच दिवशी फजिती झाली. आधी समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस विहिरींच्या, म्हणजे बावीस तीर्थांच्या पाण्याने स्नान, मग दर्शन, असा क्रम. आई समुद्राकडे पाठ करून बसली ती उठेचना. रुसलेल्या कोळणीला समुद्रस्नानाला आणायचं, ही अक्कल माझीच! दुसऱ्या दिवशी बेटाच्या दक्षिण टोकाकडची ठिकाणं पाहायला गेलो, तर कोदंडरामाचं देऊळ नेमकं बंद. आईने रामासाठी घेतलेला नारळ पिशवीतच राहिला. मी चरफडलो. पुढे धनुष्कोडीला वादळाने उद्ध्वस्त केलेलं स्टेशन, बिनछपराचं चर्च. सगळे ते बघत होते आणि आई एका पडक्या भिंतीआड बसली होती.

समोर कोळी किनाऱ्यावरून जाळं ओढत होते. त्यांच्यातली आईच्याच वयाची एक बाई आली. तिची तमिळ आम्हाला कळेना. तिने आईचा हात धरून उठवलं, पाण्याकडे नेलं आणि दोराचं टोक मुठीत दिलं. आईची मूठ आपोआप वळली. जाळं जवळ आलं तशी आई पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तिने अशी आरोळी ठोकली की मला रडूच फुटलं. जाळं मासळीने भरून आलं होतं.

मग तिने पाण्यातूनच पिशवी मागितली, नारळ लाटेवर सोडला आणि हात जोडले. "रामानं दार लावलं म्हनून नारल उरला. चल, तुजी बावीस तीर्थं करू."

त्या माउलीचं नावही आम्हाला कळलं नाही. मी नुसती आईची समजूत घालत होतो, तिने आईला काम दिलं. माझे सगळे बेत फसले, हीच रामाची कृपा. तेव्हापासून बंद दारावर मी चरफडत नाही. आणि त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला उरणच्या बंदरावर सगळ्यांच्या पुढे आई होती, मी आपला मागून नारळाची पिशवी घेऊन पळत होतो.